ओव्हरऑल ७ आले तरी 'चालणार नाही' का म्हणतात? आयईएलटीएसचा निकाल वाचायचा कसा

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. मिरजेच्या एका स्टाफ नर्स ताईंनी विचारलाय. आयसीयूमध्ये सहा वर्षं झालीत, यूकेला जायचंय, त्यासाठी इंग्लिशची आयईएलटीएस परीक्षा दिली, तिचा ॲकॅडमिक प्रकार. निकाल असा: लिसनिंग ८, रीडिंग ७, रायटिंग ६, स्पीकिंग ७, ओव्हरऑल ७. घरी पेढे वाटून झाले आणि चार दिवसांनी एजंटचा फोन, हा स्कोअर चालणार नाही. सासरे विचारतायत की ९ पैकी ७ म्हणजे ७८ टक्के, डिस्टिंक्शन झालं की, मग नापास कसं? एजंट म्हणतोय रिचेकिंगला टाका, मैत्रीण म्हणतेय आयईएलटीएस सोडा नि ओईटी (डॉक्टर-नर्सेससाठीची वेगळी इंग्लिश परीक्षा) द्या, आणि ताई मधे अडकल्यात.

ताई, पहिली गोष्ट, पेढे वाया गेलेले नाहीत. तुमच्या या निकालातला मोठा भाग अजून कामाचा आहे, कसा ते खाली सांगते, पण आधी सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण पंधरा वर्षं शिकवतेय आणि हा प्रश्न दर बॅचला कुणाच्या तरी घरून येतोच.

आयईएलटीएसमध्ये पास-नापास असतंच नाही. आपल्याकडे ३५ ला पास, ७५ ला डिस्टिंक्शन असं बोर्डाने ठरवलेलं असतं, निकाल आणि निवाडा दोन्ही एकाच कागदावर येतात. इथे परीक्षा घेणारे फक्त तुमची उंची मोजतात, दारातून आत घ्यायचं की नाही हे दारावर उभा असलेला ठरवतो. तुमच्या बाबतीत दारावर एनएमसी आहे, म्हणजे यूकेची नर्सिंग कौन्सिल, आणि त्यांचं म्हणणं असं की लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग प्रत्येकात ७ पाहिजे, रायटिंगमध्ये ६.५ पाहिजे. २०१८ च्या डिसेंबरपर्यंत तर रायटिंगलाही ७ लागायचे, तेव्हा भल्याभल्या इंग्लिश मीडियमवाल्या मुली रडल्यात माझ्यासमोर. म्हणजे तुमचं अडलंय ते रायटिंगच्या अर्ध्या बँडवर (९ पैकी मिळणाऱ्या या आकड्यांनाच बँड म्हणतात). ओव्हरऑल ७ आहेत हे खरंच, पण तुमच्या कामासाठी तो आकडा शोभेचा आहे.

आता ओव्हरऑल येतो कसा ते बघा. चारही बँडची बेरीज भागिले चार, बस. ८ अधिक ७ अधिक ६ अधिक ७, झाले २८, भागिले चार, ७. लिसनिंगच्या ८ ने रायटिंगचा ६ झाकला, घरात एकाच्या पगाराने दुसऱ्याची उधारी झाकावी तसा. भागून पाव उरला तर वरच्या अर्ध्यावर नेतात आणि पाऊण उरला तर वरच्या पूर्णावर. म्हणजे ६.२५ चे ६.५ होतात, ६.७५ चे ७ होतात, पण ६.१२५ आले तर खाली ६ च. माझ्या एका बॅचमध्ये दोन मित्र होते, एकाचे ६.५, ६.५, ६, ६ आणि दुसऱ्याचे ६.५, ६, ६, ६. फरक एकाच भागात अर्ध्याचा, पण पहिल्याच्या कागदावर ओव्हरऑल ६.५ आणि दुसऱ्याच्या कागदावर ६, आणि युनिव्हर्सिटीला ६.५ पाहिजे होते. दोघांच्या इंग्लिशमध्ये मला तरी काही फरक दिसत नव्हता, खरं सांगायचं तर दुसरा जरा बराच बोलायचा.

टक्केवारीचं पण एकदा मिटवून टाकू. लिसनिंगमध्ये ४० प्रश्न, रीडिंगमध्ये ४० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही. ॲकॅडमिकच्या रीडिंगमध्ये साधारण ३० बरोबर आले की ७ बँड, २३ ला ६ आणि ३५ ला ८. पेपर अवघड-सोपा असेल तसं एखाद्या मार्काने इकडे-तिकडे होतं. म्हणजे तुमचा रीडिंगचा ७ हा ३० ते ३२ बरोबर उत्तरांचा आहे, आणि लिसनिंगचा ८ म्हणजे ३५-३६. जनरल ट्रेनिंग हा आयईएलटीएसचाच दुसरा प्रकार, त्याचा रीडिंग पेपर सोपा असतो म्हणून तिथे ७ साठी ३४ लागतात, ३० ला ६ च मिळतात. तेव्हा सासऱ्यांना सांगा की बँड म्हणजे टक्के नाहीत, पायरी आहे. युरोपची जी भाषेची पट्टी आहे तिच्यावर ५.५ ते ६.५ म्हणजे बी-टू आणि ७ ते ८ म्हणजे सी-वन, रिपोर्ट फॉर्मवर ते छापलेलंही असतं, सहसा कुणी बघत नाही. ७ ला तिथे 'गुड यूजर' म्हणतात, ६ ला 'कॉम्पिटंट यूजर', आणि आपल्याकडे कॉम्पिटंट हा शब्द ऐकून लोक खूश होतात पण तो गुडच्या खालचा आहे.

आता रायटिंग. इथेच तुमचं घोडं अडलंय म्हणून इथे जरा बसू.

एक तास, दोन टास्क. पहिल्यात आलेख किंवा तक्ता किंवा नकाशा, किमान १५० शब्द. दुसऱ्यात निबंध, किमान २५० शब्द. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. पहिल्यात ६ आणि दुसऱ्यात ७ असेल तर ६ अधिक १४, वीस भागिले तीन, साडेसहाच्या जरा वर, तुमचं काम झालं. उलटं केलं, पहिल्यात ७ आणि दुसऱ्यात ६, तर १९ भागिले तीन, सव्वासहाच्या जरा वर, म्हणजे आधीपेक्षा कमीच. तरीही लोक पहिल्या टास्कवर अर्धा तास घालवतात कारण तो आधी असतो आणि आकडे दिसले की आपल्याला सगळे आकडे लिहायची हौस. मी स्वतः २०१२ ला पहिल्यांदा दिली तेव्हा हेच केलं, आलेखातला एकही आकडा सोडला नाही, घड्याळ बघितलं तर २८ मिनिटं गेलेली, निबंधाचा शेवटचा पॅरा दोन ओळींत उरकला. ६.५ आले. क्लासमध्ये शिकवणारी बाई आणि रायटिंगला साडेसहा, महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं.

प्रत्येक टास्क चार निकषांवर तपासतात, चौघांना सारखं वजन: विचारलेलं लिहिलंय का, मांडणी आणि ओघ, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. याचं वर्णन प्रत्येक बँडला काय, ते छापील तक्त्यात आहे आणि तो तक्ता फुकट मिळतो, तरी क्लासला वीस-वीस हजार भरणारी मुलं तो वाचत नाहीत. पहिल्या टास्कमध्ये 'ओव्हरव्ह्यू' म्हणजे एकूण चित्र काय दिसतंय हे एक-दोन वाक्यांत सांगायचं असतं. ते नसेल तर त्या निकषात ५ च्या वर जाणं अवघड, बाकी कितीही नटवून लिहा. नर्सला सांगायचं तर हँडओव्हर देताना तुम्ही आधी 'पेशंट स्टेबल आहे, पण युरिन आउटपुट कमी होतंय' म्हणता ना, मग एकेक रीडिंग, तो ओव्हरव्ह्यू.

पण ६ आणि ७ मधला खरा फरक मला विचाराल तर व्याकरणाच्या निकषात एका छोट्या गोष्टीत आहे. ६ ला काय म्हटलंय, तर साधी आणि गुंतागुंतीची वाक्यं मिसळलेली, चुका आहेत पण अर्थ सहसा बिघडत नाही. ७ ला म्हटलंय की बिनचुकीची वाक्यं वारंवार दिसतात. हे नीट वाचा. ६ वाल्याचं म्हणणं परीक्षकाला कळलेलंच असतं. आपली मुलं म्हणतात मॅडम अर्थ तर कळतोय ना, हो कळतोय, म्हणूनच ६ आहेत.

एका मुलीच्या वहीतली चार वाक्यं देवनागरीत देते, विषय होता म्हाताऱ्या आईवडिलांना कुणी सांभाळायचं. 'नाउअडेज मेनी पीपल्स आर लिव्हिंग इन सिटीज.' 'दे आर हॅविंग नो टाइम फॉर देअर पेरेंट्स.' 'वुई शुड डिस्कस अबाउट धिस प्रॉब्लेम.' 'गव्हर्नमेंट शुड ओपन मोअर केअर सेंटर्स.' चारही कळतात. आता मोजा, बिनचूक किती? शून्य. पहिल्यात पीपलला एस. दुसऱ्यात हॅवला आयएनजी, कारण आपल्या डोक्यात 'त्यांच्याकडे वेळ नाहीये' चाललंय आणि त्या 'नाहीये'चं आपण 'हॅविंग' करतो. तिसऱ्यात अबाउट, कारण मराठीत चर्चा कशाबद्दल तरी असते, इंग्लिशमध्ये डिस्कसच्या पोटातच 'बद्दल' आहे. चौथ्यात गव्हर्नमेंटच्या आधी 'द' नाही, कारण मराठीत 'द' नावाचा प्रकारच नाही. चारही चुका बारीक, चारही मराठीतून आलेल्या, आणि त्या दुरुस्त करायला नवीन एकही अवघड शब्द पाठ करावा लागत नाही.

त्यात नर्सेसच्या इंग्लिशची आणखी एक तऱ्हा असते, रागावू नका. वॉर्डमधलं इंग्लिश हे आपलं वेगळंच इंग्लिश आहे. 'पेशंट गॉट एक्सपायर्ड', 'रिलेटिव्ह्ज वर इन्फॉर्म्ड अबाउट द सेम', 'काइंडली डू द नीडफुल'. रोज आठ तास हेच लिहून हात त्याला बसलेला असतो आणि निबंधात तेच उतरतं. यावर उपाय एकच सापडलाय मला: लिहून झालेला निबंध दुसऱ्या दिवशी काढायचा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी पेन्सिलने बरोबर किंवा चूक, आणि खाली लिहायचं, १५ पैकी ४. पुढच्या निबंधाला ६. मग ८. निम्म्याच्या वर गेलात की व्याकरणाचा बँड हललेला असतो, हा माझा अनुभव. शंका असलेल्या वाक्याला चूकच धरायचं, स्वतःला ग्रेस मार्क द्यायचे नाहीत.

आणि ते 'मोअरओव्हर, फर्दरमोअर, लास्ट बट नॉट द लीस्ट' प्रत्येक पॅऱ्याच्या तोंडाशी चिकटवणं आजपासून बंद. जोडशब्द यंत्रासारखे वापरलेत असं ६ च्या वर्णनात चक्क लिहिलेलं आहे. यूट्यूबवरचे पाठ केलेले साचेही परीक्षकाला लगेच कळतात, रोज तेच पेपर बघतो तो माणूस.

आता एजंटच्या रिचेकिंगबद्दल. त्याला एन्क्वायरी ऑन रिझल्ट म्हणतात, परीक्षेपासून ६ आठवड्यांच्या आत टाकता येतं, फी भरावी लागते, स्कोअर बदलला तर फी परत मिळते. लिसनिंग-रीडिंग ठरलेल्या उत्तरांवर तपासतात, तिथे बदलायला वाव जवळपास नाही. रायटिंग-स्पीकिंगमध्ये माणूस तपासतो म्हणून बदलू शकतं, मी ६ चे ६.५ झालेले पाहिलेत आणि त्याहून कितीतरी जास्त वेळा जसंच्या तसं परत आलेलंही पाहिलंय. लिसनिंग-रीडिंगच्या मानाने रायटिंग किंवा स्पीकिंग फारच खाली असेल तर निकाल लागायच्या आधीच दुसरा परीक्षक तो पेपर बघतो, हेही लक्षात ठेवा. मी कुणाला टाका म्हणते? ज्याच्या घरी लिहिलेल्या, कडक तपासलेल्या निबंधांना सतत ७ मिळतायत आणि परीक्षेत ६ आले त्याला. तुमच्या सरावाचे बँड काय होते ते तुम्हीच बघा. सरावातही ६ च येत असतील तर ती फी पुढच्या परीक्षेसाठी ठेवा. पुण्यातल्या एका एजंटकडे मी प्रत्येक उमेदवाराला सरसकट रिचेकिंग करायला लावताना पाहिलंय, का ते तुम्ही समजून घ्या.

आता तुमच्या पेढ्यांची गोष्ट. एनएमसी दोन वेळच्या परीक्षांचे स्कोअर एकत्र करू देते. अट अशी की दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आत झालेल्या पाहिजेत, दोन्ही मिळून प्रत्येक भागात लागणारा स्कोअर एकदा तरी आलेला पाहिजे, आणि कुठल्याही वेळी लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये ६.५ च्या खाली आणि रायटिंगमध्ये ६ च्या खाली जायचं नाही. आता तुमचा कागद पुन्हा बघा. ८, ७ आणि ७ तुमचे खिशात आहेत. रायटिंगचा ६ बरोबर काठावर आहे, ५.५ असता तर हा कागद बाद होता. म्हणजे पुढच्या वेळी रायटिंगला ६.५ आणि बाकी तिघांत ६.५ चा उंबरठा, एवढंच. आपल्या इंजिनिअरिंगच्या एटीकेटीसारखं, पण एक फरक आहे, इथे राहिलेल्या एका विषयासाठी चारही विषयांना पुन्हा बसावं लागतं. हे एजंटने तुम्हाला सांगितलं नाही याचं मला नवल वाटत नाही. अर्ज करायच्या दिवशी एनएमसीच्या वेबसाइटवर हा नियम स्वतः डोळ्यांनी वाचून घ्या, असले नियम मधून मधून बदलतात, २०२३ मध्येच तो १२ महिन्यांचा झाला, आधी ६ होता.

एकाच भागाची परत परीक्षा, वन स्किल रिटेक, तीही आता आहे. मूळ परीक्षा कॉम्प्युटरवर दिलेली असेल तर ६० दिवसांच्या आत फक्त रायटिंग देता येतं. पण ती मान्य करायची की नाही हे प्रत्येक संस्था आपापलं ठरवते, तेव्हा पैसे भरायच्या आधी जिथे पाठवायचंय तिथे ईमेल करून लेखी उत्तर घ्या, कुणाच्या तोंडी 'चालतंय हो'वर जाऊ नका.

ओईटीचं म्हणाल तर मैत्रीण चुकीचं सांगत नाहीये. एनएमसीला ओईटीमध्ये तीन भागांत बी लागतो, म्हणजे ५०० पैकी ३५०, आणि रायटिंगमध्ये सी प्लस, म्हणजे ३००. तिथे निबंध नसतो, केस नोट्स देतात आणि त्यावरून १८० ते २०० शब्दांचं रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र लिहायचं. सहा वर्षं आयसीयूत काढलेल्या बाईला 'शहरांत सायकल वापरावी का' यापेक्षा ते जवळचं वाटेल. पण फी जास्त आहे, आणि तुमचे खिशातले ८-७-७ तिथे उपयोगाचे नाहीत, चारही भाग नव्याने. अर्ध्या बँडसाठी मी तरी हा मार्ग बदलणार नाही. रायटिंग ५ असते तर कदाचित वेगळं बोलले असते.

जाता जाता, तुमच्या भावाला कॅनडाचा पीआर करायचाय असं तुम्ही लिहिलंय, त्याला हा तुमचा नियम सांगू नका. त्यांच्याकडे एक्सप्रेस एंट्रीला, म्हणजे पॉइंट्सवर चालणाऱ्या पीआरच्या योजनेला, ॲकॅडमिक चालतच नाही, जनरल ट्रेनिंग द्यावी लागते, आणि ओव्हरऑल तर ते बघतही नाहीत. चारही बँड त्यांच्या सीएलबी नावाच्या पट्टीवर बदलून घेतात. सीएलबी ९ साठी लिसनिंग ८ आणि बाकी तीन ७, आणि ८ वरून ९ ला गेलं की पॉइंट्सची मोठी उडी मिळते. लिसनिंग ७.५ आणि बाकी सगळे ८ असलेला माणूस तिथे एका लिसनिंगपायी सीएलबी ८ वर अडकतो. एकदा एका मुलाने कुणाच्या तरी सांगण्यावरून ॲकॅडमिक देऊन चारही भागांत ७.५ च्या वर आणले, सुंदर स्कोअर, आणि पीआरसाठी शून्य उपयोग. टोफेल, पीटीई यांचे आकडे तर आणखी वेगळे, पीटीई १० ते ९०, टोफेल इतकी वर्षं १२० पैकी होती ती २०२६ च्या जानेवारीपासून १ ते ६ च्या पट्टीवर गेली, त्यामुळे शेजारच्या मुलाच्या '१०२' शी आपले '७' लावून बघत बसू नका.

आता तुमचं पुढचं. निकाल दोन वर्षंच धरतात, पण तुमचं खरं घड्याळ १२ महिन्यांचं आहे, पहिल्या परीक्षेच्या तारखेपासून मोजा, निकालाच्या तारखेपासून नाही. दोन-अडीच महिने रायटिंगला द्या, ड्युटी सांभाळून आठवड्याला तीन निबंध आणि दोन आलेख पुरे, पण तपासून घेतलेले, नुसते लिहून ढीग लावलेले नाहीत. आणि रायटिंगच्या नादात बाकीचं सोडू नका, हे मी मुद्दाम सांगतेय. दोन वर्षांपूर्वी सोलापूरची एक मुलगी अगदी तुमच्यासारखीच अडकली होती, पहिल्या वेळी लिसनिंग ७.५ आणि रायटिंग ६. तिने तीन महिने फक्त निबंध लिहिले, लिसनिंगची एक टेस्ट लावली नाही, म्हणाली ते तर येतंच मला. दुसऱ्या वेळी रायटिंग ७ आले, मीच उडी मारली. लिसनिंग ६. दोन ठिकाणी शेवटचा एस राहिला, एका उत्तरात 'अकॉमोडेशन'चं स्पेलिंग एका एमने लिहिलं, एकदा दोनच शब्द लिहा म्हटलेलं असताना तीन लिहिले, चारही उत्तरं तिला ऐकू आली होती. २४ ऐवजी २८ झाले असते. १८ हजारांच्या घरातली फी पुन्हा भरून ती तिसऱ्यांदा बसली.